मेंदूचा अभ्यास : पदव्युत्तर शिक्षणाच्या अनेक वाटा

काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शिक्षण व व्यवसाय मार्गदर्शनाचा मेळावा झाला. मेळावा आटोपल्यावर तेथील महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे एक अध्यापक प्रस्तुत लेखकाजवळ आले. त्यांची एक विद्यार्थिनी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षास होती. तिच्या धाकट्या भावास लहानपणापासून फेफरे येत असे. फेफरे येते तेव्हा मेंदूत नेमके काय बिघडते, हे आपण शिकावे, अशी तिची फार इच्छा होती. परंतु वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत तिला पुरेसे गुण मिळाले नव्हते. "डॉक्टरकी हुकली, तेव्हा मेंदूचा विषय संपला," असे सांगून घरच्या मंडळींनी तिला बी.एड.चा अर्ज भरावयास सांगितले होते. "विषय खरोखरीच संपला का हो?" असे त्या अध्यापकांनी विचारले.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्याने त्यास या प्रश्नाचे उत्तर जागच्या जागी देता आले नाही. पुढे संस्थांची माहितीपत्रके चाळली, काही जाणकारांशी बोलणे झाले, तेव्हा ध्यानात आले की, हा प्रश्न त्या एका विद्यार्थिनीचा नाही. मेंदूचा अभ्यास म्हणजे डॉक्टरकी, ही समजूत घरोघरी पक्की बसली आहे. ती अपुरी आहे आणि तिच्यामुळे होणारे नुकसान मोठे आहे. न्यूरोसायन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शास्त्रास मराठीत चेताविज्ञान किंवा मेंदूविज्ञान म्हणता येईल. हे शास्त्र पदव्युत्तर पातळीवर कोणास शिकता येते, तेथे काय शिकवितात, खर्चाची तरतूद कशी होते आणि त्यातून पुढे काय मिळते व काय मिळत नाही, याची माहिती शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यापर्यंत पोचावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

उपचार करणारा आणि शोध घेणारा

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मेंदूच्या रोगावर उपचार करणे हे वैद्यकीय काम होय. त्यासाठी एम.बी.बी.एस. ही पदवी, नंतर एम.डी., आणि त्यानंतर डी.एम. ही मेंदूविकारशास्त्रातील उच्च पदवी, अशी दीर्घ वाट आहे. मेंदूवर शस्त्रक्रिया करणाऱ्यास एम.सीएच. व्हावे लागते. मनोविकारतज्ज्ञ हाही एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टरच असतो. या वाटेला दुसरा पर्याय नाही आणि नसावा.

मेंदू कसा चालतो, याचा शोध घेणे हे काम मात्र निराळे आहे. सुमारे दीड किलोपेक्षा किंचित कमी वजनाचा हा अवयव शरीराच्या एकूण वजनाच्या पन्नासाव्या भागाइतका असून शरीराला विश्रांतीच्या स्थितीत लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे पाचवा भाग तो एकटाच वापरतो. त्यात सुमारे ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. एकेक चेतापेशी हजारो इतर पेशींशी जोडलेली असते. या पेशींमध्ये विद्युत्‌संदेश निर्माण होतात, म्हणून तेथे भौतिकशास्त्र लागते. एका पेशीकडून दुसरीकडे संदेश जातो तो बहुधा रसायनांच्या द्वारे, म्हणून रसायनशास्त्र लागते. पेशींची घडण जनुके ठरवितात, म्हणून जीवशास्त्र लागते. कोट्यवधी पेशींच्या एकत्रित व्यवहाराचा हिशेब मांडावयाचा तर गणित व संगणक लागतात. आणि या सर्वांतून स्मृती, भाषा, भीती, निर्णय कसे उद्भवतात, हे विचारावयाचे तर मानसशास्त्र लागते. एवढी शास्त्रे एकत्र आल्यावाचून ज्या विषयाचे पान हलत नाही, त्याचे दार केवळ एका पदवीधारकासाठी उघडे असणे शक्यच नाही.

शास्त्र असे घडले

या शास्त्राचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट अधिक पटते. इटलीचे कामिल्लो गोल्जी यांनी चेतापेशी काळ्या रंगात उठून दिसाव्यात अशी एक रंगप्रक्रिया एकोणिसाव्या शतकात शोधून काढली. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच प्रक्रिया वापरून सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल ते हाताने रेखाटले आणि चेतापेशी या सुट्या, स्वतंत्र पेशी आहेत, असे प्रतिपादन केले. गोल्जी यांचे मत याच्या उलट होते. मेंदू म्हणजे एकसंध जाळे, असे ते मानीत. १९०६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघा विरोधकांना विभागून देण्यात आले. पुढे काहाल यांचे म्हणणे खरे ठरले. त्यांची चित्रकला त्यांच्या शास्त्राच्या कामी आली, ही बाब चित्रकलेला दुय्यम समजणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

चेतातंतूतून संदेश कसा वाहतो, याचा उलगडा अॅलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सले या इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी केला. त्यांनी प्रयोगासाठी जो प्राणी निवडला तो आपल्या कोकणच्या बाजारात मिळणाऱ्या माकूळच्या जातकुळीतला. या प्राण्याचा एक चेतातंतू इतका जाड असतो की, तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्या तंतूवर प्रयोग करून, पेशीच्या आवरणातून सोडियम व पोटॅशियम यांचे विद्युत्‌भारित कण कसे आत-बाहेर करतात, हे त्यांनी १९५२ साली गणिती समीकरणांत मांडले. ती समीकरणे सोडविण्यासाठी हक्सले यांनी हाताने फिरविण्याचे गणनयंत्र वापरले होते. १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही चेताविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात ही समीकरणे शिकविली जातात.

निरनिराळ्या शास्त्रांतील ही मंडळी एका छताखाली यावीत, यासाठी अमेरिकेत १९६६ साली हार्वर्ड विद्यापीठात चेताजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९६९ साली 'सोसायटी फॉर न्यूरोसायन्स' ही संघटना स्थापन झाली. म्हणजे स्वतंत्र विद्याशाखा या नात्याने हे शास्त्र फार जुने नाही. भारतात १९८२ साली 'इंडियन अॅकॅडमी ऑफ न्यूरोसायन्सेस' ही संस्था अस्तित्वात आली.

मुंबईतील दोन उदाहरणे

या शास्त्राला महाराष्ट्रानेही हातभार लावला आहे. त्यातील दोन उदाहरणे येथे देतो. एक रुग्णालयातले आहे आणि दुसरे प्रयोगशाळेतले.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात व ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूविकारांचा विभाग उभारणारे डॉ. नोशीर वाडिया यांच्याकडे तोल जाणे, चाल बिघडणे, बोलणे अडखळणे अशा तक्रारींचे काही रुग्ण येत. हा विकार एकाच कुटुंबातील अनेकांना होई. डॉ. वाडिया यांना त्यांच्यात आणखी एक खूण दिसली. या रुग्णांच्या डोळ्यांची एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे होणारी हालचाल विलक्षण मंद होती. नऊ कुटुंबांचा अभ्यास करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९७१ साली या विकाराचे वर्णन आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे पंचवीस वर्षांनी, १९९६ साली, अशा विकाराच्या मुळाशी असलेला बाराव्या गुणसूत्रावरील जनुकातील दोष परदेशांतील प्रयोगशाळांनी शोधून काढला. रुग्णाच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरने खूण ओळखली आणि तिचे कारण जनुकशास्त्रज्ञांनी सांगितले. दोघांपैकी एकाचेही काम दुसऱ्यावाचून पुरे झाले नसते.

दुसरे उदाहरण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६२ साली डॉ. ओबेद सिद्दिकी तेथे आले व त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. सत्तरीच्या दशकात ते मेंदूच्या अभ्यासाकडे वळले आणि त्यासाठी त्यांनी पिकल्या केळ्यावर घोंघावणारी लहानशी फळमाशी निवडली. अमेरिकेतील सेमूर बेंझर यांच्यासमवेत त्यांनी अशा माशांचा अभ्यास केला की, ज्या नेहमीच्या तापमानात इतरांसारख्या उडत, पण हवा थोडी अधिक तापताच लुळ्या होऊन पडत आणि गारवा मिळताच पुन्हा उठत. यांपैकी एका प्रकारच्या माशा एकदा पडल्या म्हणजे बराच वेळ उठत नसत. त्यांच्यातील दोषयुक्त जनुकास मूर्च्छेवरूनच नाव देण्यात आले. हे संशोधन १९७६ साली प्रसिद्ध झाले. एका चेतापेशीकडून दुसरीकडे रासायनिक संदेश जाण्यासाठी लागणारे एक महत्त्वाचे प्रथिन याच जनुकापासून तयार होते, हे नव्वदीच्या दशकात कळून आले. त्याच जातीचे प्रथिन मनुष्याच्याही मेंदूत असते.

येथे एक तपशील मुद्दाम सांगावासा वाटतो. डॉ. सिद्दिकी हे डॉक्टर होते ते पीएच.डी. या अर्थाने. वैद्यक त्यांनी शिकले नव्हते. सेमूर बेंझर यांची पीएच.डी. भौतिकशास्त्रातली होती. हरियाणातील मानेसर येथे केंद्र शासनाने राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र स्थापन केले, त्याच्या पहिल्या संचालक डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ या जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. प्राणिशास्त्र शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थिनीचा विषय संपला किंवा कसे, याचे उत्तर या तीन नावांतच आहे.

वर्गात व प्रयोगशाळेत काय शिकवितात

एम.एस्सी. किंवा एकात्मिक पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी पाया घातला जातो. चेतापेशीची रचना, मेंदूची शरीररचना, चेतासंस्थेचे कार्य, तिचे रसायनशास्त्र, जनुके, ज्ञानेंद्रिये व हालचालींचे नियंत्रण, स्मृती आणि आकलन हे विषय त्यात येतात. त्यांच्या जोडीला संख्याशास्त्र व संगणक-आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण असते. जीवशास्त्राचे विद्यार्थी बहुधा याच ठिकाणी अडखळतात, आणि भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकून आलेले विद्यार्थी शरीररचनेपाशी अडखळतात. वर्गात दोन्ही प्रकारचे विद्यार्थी असल्याने ते एकमेकांचे शिक्षक होतात.

याखेरीज दोन गोष्टी पदवीच्या शिक्षणापेक्षा अगदी निराळ्या आहेत. एक म्हणजे पाठ्यपुस्तकाचे महत्त्व कमी होते. ताजे शोधनिबंध वाचून, त्यातील प्रयोग योग्य होता काय, निष्कर्ष पुराव्याला धरून आहे काय, यावर सर्वांसमोर चर्चा करावी लागते. प्राध्यापकाच्या म्हणण्यास आधारासह हरकत घेणे येथे उद्धटपणा समजला जात नाही, उलट तसे करणे अपेक्षित असते. दुसरी गोष्ट म्हणजे विद्यार्थी काही आठवडे एका प्रयोगशाळेत व काही आठवडे दुसऱ्या प्रयोगशाळेत काम करून, आपणास कोणता प्रश्न आयुष्यातील पाच-सहा वर्षे धरून ठेवता येईल, याचा अदमास घेतो.

प्रयोगशाळांतील साधनेही विविध असतात. कोठे एका पेशीच्या आवरणातील सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह मोजतात. कोठे डोक्याच्या त्वचेवर तबकड्या लावून मेंदूचा विद्युत्‌आलेख घेतात. कोठे चुंबकीय यंत्रात माणसास झोपवून, वाचताना किंवा आकडेमोड करताना मेंदूच्या कोणत्या भागातील रक्तपुरवठा बदलतो, ते पाहतात. संगणकाचे काम किती वाढले आहे, हे एका उदाहरणावरून कळेल. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला. खसखशीच्या दाण्याएवढ्या त्या मेंदूत सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि त्यांच्यामधील पाच कोटींहून अधिक जोड आढळले. अनेक देशांतील संशोधकांनी व स्वयंसेवकांनी हे काम कित्येक वर्षे संगणकाच्या साह्याने केले.

प्राण्यांवर प्रयोग करावयाचे असल्यास संस्थेच्या नैतिकता समितीची पूर्वसंमती घ्यावी लागते व त्यावर केंद्रीय समितीचे नियंत्रण असते. माणसांचा अभ्यास करावयाचा असल्यास त्यांची समजून-उमजून दिलेली लेखी संमती आवश्यक असते. हे नियम पाळावयास शिकणे हाही शिक्षणाचाच भाग होय.

प्रवेशाच्या वाटा

देशातील काही प्रमुख संस्थांची माहिती येथे थोडक्यात देतो.

बेंगळूरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था निम्हान्स या नावाने प्रसिद्ध आहे. पूर्वीचे मनोरुग्णालय व अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून ती १९७४ साली उभी राहिली, आणि २०१२ साली तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. रुग्णालय आणि संशोधन एकाच आवारात असणे, हे तिचे वैशिष्ट्य. वैद्यकीय पदव्यांबरोबरच विज्ञान शाखेच्या पदव्युत्तरांना तेथे पीएच.डी. करता येते. मानवी मेंदूचे नमुने संशोधनासाठी जतन करणारी मेंदूपेढीही तेथे आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रास २००२ साली मानित विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ते राष्ट्रास अर्पण करण्यात आले. बेंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत चेताविज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे. ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे.

आपल्या राज्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या जीवविज्ञान विभागात आणि २००६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत या विषयातील संशोधन चालते. पदवीचे नाव तेथे जीवशास्त्राचे असले, तरी काम चेताविज्ञानाचे करता येते. म्हणून माहितीपत्रकात केवळ 'न्यूरोसायन्स' हा शब्द शोधून थांबू नये. कोणत्या विभागात कोण कशावर काम करीत आहे, हेही पाहावे.

मानसशास्त्र, तत्त्वज्ञान किंवा भाषाशास्त्र शिकलेल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी बोधनविज्ञानाची वाट आहे. प्रयागराजचे अलाहाबाद विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ आणि गांधीनगरची भारतीय तंत्रज्ञान संस्था येथे त्या विषयाचे शिक्षण मिळते. प्रस्तुत लेखकास ही माहिती पंचवीस वर्षे आधी मिळाली असती, तर बरे झाले असते, असे वाटून गेले.

प्रवेशासाठी परीक्षा निरनिराळ्या आहेत. एम.एस्सी. व एकात्मिक पीएच.डी.साठी अनेक संस्था 'जॅम' परीक्षेचे गुण पाहतात. टाटा संस्था आणि तिचेच बेंगळूरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांची जीवशास्त्रासाठी स्वतंत्र संयुक्त परीक्षा असते, आणि मूलभूत विज्ञानाच्या इतर शाखांतील पदवीधरांनाही तीस बसता येते. पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी 'नेट' व 'गेट' या परीक्षा उपयोगी पडतात. पात्रता व तारखा दरवर्षी संबंधित संस्थेच्या अधिकृत सूचनेवरून पडताळून घ्याव्यात. ऐकीव माहितीवर विसंबू नये. लेखी परीक्षेनंतर बहुधा मुलाखत असते. तीत पाठांतरापेक्षा, दिलेल्या अडचणीतून विद्यार्थी कसा विचार करतो, याकडे अधिक लक्ष दिले जाते.

खर्चाची तरतूद

ग्रामीण भागातील पालकांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि तो रास्त आहे. येथे एक गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. पीएच.डी. करणाऱ्या पात्र विद्यार्थ्यास दरमहा अधिछात्रवृत्ती मिळते. 'नेट'मधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीस पात्र ठरलेल्यांना १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ अधिछात्रवृत्तीचे दरमहा ४२,००० रुपये, असा दर ठरविण्यात आला. वसतिगृह उपलब्ध नसल्यास नियमानुसार घरभाडे भत्ताही देय असतो. याचा अर्थ असा की, संशोधक विद्यार्थी घरावर भार होऊन राहत नाही.

राज्य शासनाच्या संस्थांमार्फतही पीएच.डी.साठी साहाय्य देण्यात आले आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था म्हणजे 'बार्टी', मराठा व कुणबी समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी 'सारथी', आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी नागपूरची 'महाज्योती' या त्या संस्था होत. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाच्या जनजातीय कार्य मंत्रालयाची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशात जाऊ इच्छिणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जागा आणि अटी वेळोवेळी बदलतात. यास्तव जाहिरात निघताच ती महाविद्यालयाच्या फलकावर लागणे महत्त्वाचे. योजना असून उपयोग नाही, ती वेळेवर कळली पाहिजे.

भाषेचीही एक अडचण आहे. शोधनिबंध इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास पहिले वर्ष जड जाते. पण मराठी शाळेत चेतापेशी, प्रतिक्षिप्त क्रिया, अनुमस्तिष्क हे शब्द ज्याने अर्थासह शिकले, त्यास कल्पना आधीच ठाऊक असते, केवळ नाव नवे शिकावे लागते. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून आठवड्यास एक इंग्रजी लेख वाचून त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सवय शिक्षकांनी लावल्यास ही अडचण बरीच कमी होईल.

दुसरी बाजू

या वाटेचे गुण सांगताना तिचे कष्ट लपविणे योग्य होणार नाही. एम.एस्सी.नंतर पीएच.डी.स साधारणतः पाच ते सहा वर्षे लागतात. त्यानंतर बहुतेकांना आणखी काही वर्षे उत्तर-डॉक्टरेट संशोधक म्हणून, कित्येकदा परदेशात, काम करावे लागते. कायम नोकरी तिशी उलटल्यावर मिळते आणि पदे मोजकीच असतात. प्रयोग फसतात, महिनोन्‌महिने फसत राहतात. केवळ एम.एस्सी.वर थांबणाऱ्यास औषधनिर्मिती, वैद्यकीय उपकरणे, औषधांच्या चाचण्या, माहिती-विश्लेषण किंवा अध्यापन या क्षेत्रांकडे वळता येते. परंतु पदवी हाती पडताच नोकरी दारात, असे आश्वासन कोणी देत असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. तसेच चेताविज्ञानाची एम.एस्सी. किंवा पीएच.डी. मिळविल्याने रुग्णावर औषधोपचार करण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.

मेंदूच्या नावावर चालणाऱ्या दुकानदारीपासूनही सावध राहिले पाहिजे. मध्यमेंदू जागृत करून मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचावयास शिकवितो, अशा जाहिराती शहरांप्रमाणेच तालुक्याच्या गावीही झळकल्या. अशा दाव्यास शास्त्राचा आधार नाही. मुले वाचतात ती पट्टीच्या फटीतून. माणूस मेंदूचा केवळ दहा टक्के भाग वापरतो, हेही असेच निराधार विधान आहे. शाळेच्या सभागृहात असा कार्यक्रम ठेवण्याची विनंती आल्यास मुख्याध्यापकांनी ती नाकारावी.

गावाचे काम

शेवटी त्या विद्यार्थिनीच्या भावाविषयी. फेफरे, आकडी किंवा अपस्मार हा मेंदूतील पेशींच्या एकाएकी व अनियंत्रित होणाऱ्या विद्युत्‌क्रियेमुळे उद्भवणारा विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना तो आहे, आणि योग्य निदान व नियमित औषधे मिळाल्यास त्यांपैकी सत्तर टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतात. तरीही खेड्यापाड्यांत कांदा किंवा चप्पल हुंगविणे, अंगात आले असे समजून मांत्रिकाकडे नेणे, हे प्रकार अद्याप घडतात. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. अपस्मार असणाऱ्यांच्या विवाहास हिंदू विवाह कायद्यात पूर्वी जी आडकाठी होती, ती १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. कायद्याने जे मान्य केले ते गावाने मान्य करावयास किती वर्षे लावावीत, हा प्रश्न पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत जरूर उपस्थित करावा.

झटका आल्यास रुग्णास कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. झटका पाच मिनिटांहून अधिक काळ टिकल्यास रुग्णालयात न्यावे. एवढे ज्ञान प्रत्येक शाळेतील प्रत्येक शिक्षकास असावयास हवे.

त्या अध्यापकांना पाठविलेल्या पत्रात प्रस्तुत लेखकाने तीन गोष्टी लिहिल्या. पहिली ही की, भावाच्या उपचारासाठी बहिणीची पदवी होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. त्यास जिल्हा रुग्णालयात दाखवावे आणि सुरू झालेली औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नयेत. दुसरी ही की, मेंदूचा विषय तिच्यासाठी संपलेला नाही. बी.एस्सी. प्राणिशास्त्र ही त्याची एक रीतसर पायरी आहे. तिसरी ही की, ही वाट लांबची आहे. भावाला आपण बरे करू, या आशेने तिने तीवर पाऊल टाकू नये. पेशींमध्ये असे का घडते, हा प्रश्न तिला झोपू देत नसेल, तर मात्र अवश्य टाकावे.

उत्तरादाखल अध्यापकांचे चार ओळींचे पत्र आले. मुलाची तपासणी होऊन औषधे सुरू झाली होती. बी.एड.चा अर्ज घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे भरलेला होता, आणि त्याच्याबरोबर एका संशोधन संस्थेच्या प्रवेशपरीक्षेचाही अर्ज गेला होता. ती परीक्षा ती उत्तीर्ण होईल किंवा होणार नाही. परंतु निवड तिची तिने, पुरती माहिती हाती असताना केली. प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यास एवढी संधी मिळवून देणे शिक्षकांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि पंचायत सदस्यांच्या हातचे आहे, आणि त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.